गल्ली पाहून घर घ्यावें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यांनीं केली त्यांच्या काळीं घर बांधणारा मनुष्य स्वतः उन्हांत उभा राहून चुना मळवून घेत असे, सागाची तुळई ठोकून पारखीत असे आणि गवंड्याशीं दिवसांतून एकदां तरी भांडत असे. आज शहरांत हे कष्ट फारच थोड्यांच्या वांट्याला येतात. आज घर बांधावयाचें नसतें, तें विकत घ्यावयाचें असतें. पण तेवढ्यानें म्हणींतील तात्पर्य जुनें झालें असें मात्र नाहीं. वडिलांची सेवानिवृत्तीची पुंजी, मुलाचें वीस वर्षें फेडावयाचें कर्ज, सुनेचा पगार आणि प्रसंगीं सासूबाईंच्या पाटल्या, एवढें सगळें ज्या एका सहीनें गुंतून पडतें ती सही करण्यापूर्वीं काय काय पाहावें, याचा विचार प्रत्येक कुटुंबाला एकदां तरी करावाच लागतो. तोच विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. आणि तोहि एका विशिष्ट प्रकारच्या घरापुरता, म्हणजे शहराच्या गजबजाटापासून थोडें दूर, झाडांच्या सावलींतील एखाद्या शांत गल्लींत जें घर असावें असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें, त्या घरापुरता.

आमचें पाहणें असें आहे कीं, घर पाहावयास गेलेलें कुटुंब पहिला अर्धा तास स्वयंपाकघरांत घालवितें. ओट्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे, देव्हारा कोठें बसेल, फरशी कसली आहे, तुळशीच्या कुंडीला ऊन मिळेल कीं नाहीं, याची बारीक चौकशी होते. ती व्हावीच. परंतु ज्या गल्लींतून आपण चालत आलों ती गल्ली बहुतेकांनीं पाहिलेलीच नसते. घरांतील दोष पैसे खर्चून काढतां येतो. फरशी बदलतां येते, ओटा फिरवितां येतो. पण गल्ली बदलतां येत नाहीं, आणि ती आपण होऊन बदलूं लागली तर एकट्यादुकट्याला ती थांबवितांहि येत नाहीं. शांत गल्लींतील घराला लोक जो चढा भाव देतात तो भिंतींसाठीं देत नाहींत, शांततेसाठीं देतात. आणि नेमकी तीच वस्तु खरेदीखताच्या एकाहि पानावर लिहिलेली नसते. विकणारा ती विकूं शकत नाहीं, कारण ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नाहीं. ती सगळ्या गल्लीची आहे.

अशा गल्ल्या आपल्या शहरांत आपोआप उगवलेल्या नाहींत. पेठेंतल्या वाड्यांत चौक एक, विहीर एक आणि बिऱ्हाडें दहा. तेथें माणुसकीची ऊब होती, पण मोकळी हवा बेताचीच होती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली आणि दाट वस्तींत माणसें कशीं मरतात हें सर्वांस दिसलें. त्यानंतर १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्याच योजनांतून पुढें दादर-माटुंग्याकडील आंखीव वस्ती, हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी, उभ्या राहिल्या. १९१५ सालीं गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्मकी हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. मध्यम स्थितींतील माणसांनीं एकत्र येऊन सहकारानें घर मिळवावें, हा पायंडा आपल्याकडे तेथून पडला. पुण्यांतहि लोक मुठेपलीकडे सरकूं लागले. १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें. १९३३ सालीं प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि तिचें नांव ज्या रस्त्याला मिळालें त्याच्या दोहों बाजूंच्या गल्ल्या आजहि नुसत्या क्रमांकांनीं ओळखल्या जातात. दोन घरांमध्यें मोकळी जागा, पुढें अंगण, मागें आंबा किंवा फणस, आणि वर मजला फार तर एक, अशी तेथील जुन्या बंगल्यांची रीत होती. हवा व उजेड यांसाठीं जे नियम झाले त्यांच्याच पाठोपाठ शांतता आली. जी गोष्ट नियमानें आली ती नियम बदलला म्हणजे जाऊंहि शकते, हें घर घेणाऱ्यानें पहिल्याप्रथम ध्यानांत धरावें.

येथें ‘शांत’ या शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. संस्कृतांत ‘नीरव’ म्हणजे जेथें आवाजच नाहीं तें. आणि ‘शांत’ म्हणजे जें शमलें आहे तें. चांगली गल्ली नीरव नसते. पहाटे दूधवाल्याची सायकल वाजते, भाजीवालीची आरोळी येते, दुपारीं कोठें तरी कुकरची शिट्टी होते, संध्याकाळीं मुलें चेंडू खेळतात आणि कोणाच्या तरी घरीं पेटीवर सारेगम चालतें. हे सगळे आवाज आपापल्या वेळीं येतात आणि आपापल्या वेळीं थांबतात. ज्या गल्लींत दिवसा देखील माणसाचा आवाज नाहीं, फाटकांना कुलुपें आहेत आणि व्हरांड्यांत पालापाचोळा साठला आहे, ती गल्ली शांत नसून ओस आहे. तेथें म्हातारीं माणसें एकटीं असतात, मुलें परदेशीं असतात, आणि घरें विकावयास निघण्याची वेळ फार दूर नसते. घेणाऱ्यानें हा भेद ओळखावा. कारण आजची ओस गल्ली ही बहुधा उद्यांच्या बांधकामाची गल्ली असते.

आतां गल्लीचें भवितव्य कसें पाहावें? त्यासाठीं ज्योतिषाकडे जावें लागत नाहीं. एक मोजपट्टी पुरते. रस्त्याला संस्कृतांत ‘रथ्या’ म्हणतात, म्हणजे जिच्यावरून रथ जाऊं शकतो ती. आमच्या आजच्या रथ्येंत दोहों बाजूंस रथ उभे असतात व मध्यें चालणाऱ्या माणसाला वाट राहत नाहीं, ही गोष्ट निराळी. पण रुंदीचें महत्त्व याहून मोठें आहे. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक शहरांसाठीं २०२० च्या डिसेंबरांत मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें एखाद्या भूखंडावर किती बांधकाम करतां येईल हें पुष्कळ अंशीं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतें. रस्ता रुंद, तर इमारत उंच. म्हणूनच २०२० सालीं पुणें महानगरपालिकेंत ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा विचार पुढें आला तेव्हां कोणाला तो लाभ वाटला आणि कोणाला संकट. हिशेब सोपा आहे. ज्या गल्लींत वीस बंगले होते तेथें घरटीं एक मोटार धरली तरी मोटारी वीस. त्या प्रत्येक बंगल्याच्या जागीं बारा सदनिकांची इमारत झाली, तर बिऱ्हाडें दोनशें चाळीस. आणि पाणी, सांडपाणी, कचरा, मोटारी हें सारें त्याच प्रमाणांत. नळाचें पाणी पुरत नाहीं म्हणून पाण्याचे टँकर येऊं लागले कीं झोपेचा निरोप घ्यावयाचा. यास्तव घर घेण्यापूर्वीं शहराच्या विकास आराखड्यांत आपली गल्ली किती रुंद दाखविली आहे, शेजारचा मोकळा भूखंड कशासाठीं राखून ठेवला आहे आणि आजूबाजूच्या किती घरांनीं बिल्डरशीं बोलणें सुरू केलें आहे, हें विचारून घ्यावें. खिडकींतून दिसणारें दुसऱ्याच्या अंगणांतील आंब्याचें झाड हें किंमतींत धरूं नये. शहरांतील झाडांच्या रक्षणासाठीं १९७५ चा कायदा आहे हें खरें. पण कायद्यानें परवानगी मिळून झाड गेलें म्हणजे सावलीहि कायदेशीरपणेंच जाते.

गल्ली एकदां पाहून कळत नाहीं. ती चार वेळां पाहावी. सकाळीं शाळेच्या वेळीं जावें, म्हणजे मोटारींच्या व रिक्षांच्या रांगा कोठवर येतात तें दिसेल. भर दुपारीं जावें, म्हणजे सावली व शेजार दोन्ही कळतील. रात्रीं दहानंतर जावें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हा नियम त्या गल्लीला ठाऊक आहे कीं नाहीं, हें तेव्हांच समजतें. आणि चौथ्यांदा भर पावसांत जावें. हें चौथें जाणें लोक टाळतात व पुढें पस्तावतात. पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेला पूर पाहिला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें कांठच्या वस्तींत हाहाकार केला. २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्याकडील एकतानगरींत नदीचें पाणी शिरलें. नदीकांठचीं घरें फार रमणीय दिसतात, आणि नदी अकरा महिने स्वस्थहि असते. म्हणून पाटबंधारे खात्यानें आंखलेल्या पूररेषा पाहाव्या: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. दलाल या रेषा आपण होऊन दाखवीत नाहीं. गल्लीच्या तोंडाशीं बसणारा इस्त्रीवाला मात्र कोणत्या पावसांत पाणी कोठवर आलें तें बोट ठेवून सांगतो. त्याला अवश्य विचारावें.

गल्ली पसंत पडली म्हणजे मग कागद. येथें भिडस्तपणा कामाचा नाहीं. ‘माणूस आपल्यांतलाच आहे’ हें वाक्य व्यवहारांत शंभरांतील नव्वद तंट्यांचें मूळ असतें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तावांचून होत नाहीं. तेव्हां नोटरीपुढील कागद, कच्ची पावती किंवा कुलमुखत्यारपत्र यांवर विसंबून राहूं नये. सातबाराचा उतारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. बांधकामाचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे कीं नाहीं हें पाहावें. जुन्या सोसायटींतील सदनिका असेल तर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नांवावर झाली आहे काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. पुष्कळ ठिकाणीं रहिवासी चाळीस वर्षें राहतात आणि जमीन अद्याप मूळ मालकाच्याच नांवावर असते. अशांसाठीं २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली आहे; तिचा लाभ घेतलेली सोसायटी पाहून घर घेणें बरें. बांधकाम नवें असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. प्रकल्पाची महारेरांत नोंद पाहावी. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आंतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, ठरवावा. आणि नोंदलेला करार होण्यापूर्वीं एक दशांशाहून अधिक रक्कम कोणी मागूं लागल्यास ती कायद्यानें मागतां येत नाहीं हें शांतपणें सांगावें.

यानंतरचा प्रश्न असा आहे कीं तो घरांत काढणें जड जातें, म्हणून कोणी काढीत नाहीं. दस्तावर नांव कोणाचें? एकत्र कुटुंबांत पैसा चौघांचा जातो आणि नांव एकाचें लागतें. तो एक हयात असेतों सारें गोड असतें. पुढें भावांत व भावजयींत जें बोलणें बंद पडतें त्याचें कारण शोधूं गेल्यास तें या दस्ताच्या पहिल्या पानावर सांपडतें. ज्यानें जेवढे दिले तेवढा वांटा लिहून ठेवावा. लिहिण्यानें प्रेम कमी होत नाहीं. घरांतील स्त्रीचें नांव दस्तावर असावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. तिचें आयुष्य त्या चार भिंतींत सर्वांत अधिक जातें, आणि वैधव्यांत तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये. सरकारनेंहि १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा एक टक्का सूट ठेविली आहे. वडिलोपार्जित मिळकत विकून घर घ्यावयाचें असेल तर मुलींची संमति गृहीत धरूं नये. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सर्व देशांत २००५ सालीं मुलगी जन्मानें सहदायाद झाली आहे. ‘तिला काय, ती दिल्या घरीं सुखी आहे’ हें म्हणणें आतां कायद्यांत टिकत नाहीं, आणि न्यायांत तर तें पूर्वींहि टिकत नव्हतें.

जीं कुटुंबें अशा गल्ल्यांत पूर्वींपासूनच राहत आहेत त्यांच्यापुढें उलट बाजूचा प्रश्न आहे: जुनें घर पाडून नवें उभारावें कीं नाहीं? याला एकच उत्तर देतां येणार नाहीं. भिंतींना ओल आली आहे, जिना चढवत नाहीं, डागडुजीला पैसा नाहीं, अशा स्थितींत जुन्या घराला कवटाळून बसा असें आम्ही सांगणार नाहीं. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठीं शासनानें ४ जुलै २०१९ रोजीं सुधारलेले निर्देश काढले आहेत. सर्वसाधारण सभेंत काय ठरलें याचें चित्रमुद्रण व्हावें इथपर्यंतची काळजी त्यांत आहे. परंतु नियमांत न बसणारी एक गोष्ट आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडली ती सांगण्याजोगी आहे. भावांचें एकमत झालें, वकील ठरला, बिल्डर ठरला. आणि सर्वांत शेवटीं ऐंशी वर्षांच्या आईस सांगण्यांत आलें कीं, तीन वर्षेंच काय तें भाड्याच्या घरांत राहावयाचें आहे. ती माउली म्हणाली, “तीन वर्षें तुमचीं तीन असतील, माझीं तीं किती आहेत, हें कोणी मोजलें आहे कां?” कोणापाशींच उत्तर नव्हतें. शेवटीं भावांनीं आणखी सहा महिने थांबून त्याच गल्लींत तळमजल्याची जागा भाड्यानें मिळविली, आणि मगच जुनें घर सोडलें. तिचा वैद्य, तिचें देऊळ आणि तिच्याशीं संध्याकाळीं कठड्यावर बसणाऱ्या दोघी तिला तशाच राहिल्या. बिल्डरच्या करारनाम्यांत चौरस फुटांचा हिशेब असतो. या गोष्टींचा हिशेब घरच्यांनींच ठेवावा लागतो.

आणि आतां शेजार. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत घराच्या विक्रीचा विधि दिला आहे. घर विकावयाचें तर तें आधीं आप्तांनीं, मग शेजाऱ्यांनीं, मग धनकोंनीं घ्यावें. ते न घेतील तरच बाहेरच्यानें. शिवाय ती विक्री त्या घराच्या दारापुढें, आसपासच्या चाळीस कुळांतील माणसांच्या समक्ष पुकारावयाची. दुसऱ्याच्या भिंतीला आपल्या पाण्यानें बाधा आणील त्यास बारा पण दंडहि सांगितला आहे. आजच्या कायद्यानें शेजाऱ्याचा तो पहिला हक्क ठेविला नाहीं, आणि तें योग्यच झालें. कोणीं कोठें राहावें हें चाळीस घरांनीं ठरवूं लागणें इष्ट नाहीं. पण त्या विधींतील एक जाणीव मात्र मोलाची होती: घर विकत घेणारा मनुष्य भिंतींबरोबर चाळीस घरांचा शेजारी होतो, आणि तीं चाळीस घरें त्याला पाहून घेतात.

या जाणिवेचा विपर्यासहि होतो, तोहि येथेंच सांगितला पाहिजे. शांततेच्या नांवाखालीं कित्येक सोसायट्या अमुक जातीचा नको, तमुक अन्न खाणारा नको, एकटी राहणारी मुलगी नको, असे अलिखित नियम करितात. आमच्या वर्गांतील लोक यांत मागें नाहींत, हें खेदानें लिहावें लागतें. आवाज जातीला नसतो. तो संवयीला असतो. रात्रीं अकरा वाजतां मोटारीचा भोंगा वाजवून पहारेकऱ्याला उठविणारा आणि पहाटे पांचला ध्वनिक्षेपकावर भजन लावणारा, हे दोघेहि कधीं कधीं अतिशय कुलीन असतात. आणि ज्या पहारेकऱ्याच्या, मोलकरणीच्या व झाडूवाल्याच्या श्रमांवर गल्लीची ही टापटीप उभी आहे त्यांना बसावयाला कठडा नाहीं व प्यावयाला पाणी नाहीं, अशी गल्ली कितीहि शांत असली तरी तिला सुसंस्कृत म्हणवत नाहीं.

शांतता विकत मिळत नाहीं, ती सांभाळावी लागते. आणि सांभाळणाऱ्यांत आपणहि एक असतों. ओला कचरा वेगळा ठेवणें, मोटार आपल्या कुंपणाच्या आंत लावणें, घरांत कार्य असेल तर शेजाऱ्यांस आधीं सांगून मंडप घालणें, शेजारच्या एकट्या आजोबांच्या घरांत सकाळीं दिवा लागला कीं नाहीं हें पाहणें, हीं कामें लहान आहेत. पण ज्या गल्ल्यांतून तीं होतात त्याच गल्ल्या पुढें महानगरपालिकेच्या आराखड्यावर एकजुटीनें हरकत नोंदवूं शकतात. एकमेकांचीं नांवें ठाऊक नसलेल्या माणसांना अर्जावर चाळीस सह्या मिळत नाहींत.

तेव्हां आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. घर पसंत पडलें, भाव ठरला, कागदहि स्वच्छ निघाले, तरी इसार देण्यापूर्वीं एक संध्याकाळ राखून ठेवावी. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला बरोबर घ्यावें, आणि गल्लीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश चालत जावें. म्हाताऱ्याला मध्यें टेकावयाला जागा मिळते काय, मुलाचा हात सोडतां येतो काय, आणि फाटकांत उभा असलेला कोणी अनोळखी मनुष्य आपण होऊन ‘कोणाकडे आलांत?’ म्हणून आपुलकीनें विचारतो काय, तें पाहावें. या तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें तर स्वयंपाकघर चार हात लहान असलें तरी खुशाल इसार द्यावा.